‘मु’ म्हणजे मुकं

आप्पा कुणाच्या घरी गेले आणि त्यांनी पाण्याचं झाकण उचललं नाही, असं मी कधी पाहिलं नाही. घर बारशाचं असो, साखरपुड्याचं असो, नाहीतर मयतीचं. आधी मोरी, मग माणसं. खिशात बोटाएवढी बॅटरी, पिशवीत लांब दांड्याचं ॲल्युमिनियमचं ओगराळं. रांजणात उजेड पाडायचा, ओगराळं हलकेच बुडवायचं, दारातल्या उन्हाकडं धरायचं आणि आत वळवळणाऱ्या अळ्या मोजून घरधन्याला सांगायचं, “नऊ. तुमच्यापरीस ह्यांचा परिवार मोठा हाय.” मग चहा.

एका लग्नात त्यांनी आहेर म्हणून गप्पी माशांची बरणी दिली. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात, आणि नवरदेवाच्या वाड्याला मोठा सिमेंटचा हौद आहे हे आप्पांनी देण्याघेण्याच्या बैठकीतच बघून ठेवलं होतं. माईकवर आहेर वाचणारा माणूस “एक मिक्सर, दोन पैठण्या” इथपर्यंत जोरात आला, जरा थांबला, आणि मग आवाज उतरवून म्हणाला, “आणि... मासे.”

मी तेव्हा बीडला एका सरकारी ऑफिसात करारावर संगणक चालक होतो. डासांमुळे येणाऱ्या तापांवर, म्हणजे हिवताप, डेंगी, चिकुनगुनिया यांच्यावर लक्ष ठेवायचं हे ऑफिसचं काम. खरं सांगायचं तर लक्ष आकड्यांवर ठेवलं जाई. डासांवर एकटे आप्पाच ठेवत. ते पर्यवेक्षक होते, निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, आणि तीस वर्षांच्या नोकरीत सेवापुस्तकात एकही लाल शेरा नाही, याचा त्यांना अभिमान होता. या एकाच गोष्टीचा. बाकी अभिमान त्यांना परवडत नसे, कारण ते सारखे कुणाच्या तरी मोरीत वाकलेले असत.

मला ते नावाने हाक मारत नसत. “ओ कॉम्प्युटर” म्हणत. माझ्या टेबलावरच्या यंत्रालाही तेच म्हणत, त्यामुळे शिव्या नेमक्या कुणाला आहेत हे पहिले सहा महिने मला कळलं नाही.

त्यांच्या खोलीला जुन्या पद्धतीचा लाकडी उंबरा होता. त्यावर कुणी थांबलेलं त्यांना चालत नसे. फाइल घेऊन दारात घुटमळलं की मान वर न करता म्हणत, “एक तर आत ये, न्हाईतर भाईर जा. उंबरा हुबं ऱ्हायला नसतो.”

दर सोमवारी गावोगावच्या आशाताई आणि आरोग्य सेवक आपापल्या गावातला तापाचा आकडा फोनवर कळवत. आप्पा तो स्वतःच्या लांब वहीत लिहून घेत, आणि शेवटच्या गावाचा फोन येईपर्यंत चहाला शिवत नसत. दुपारी दोन वाजले तरी नाही. शिपाई कप आणून ठेवायचा, त्यावर साय धरायची, आप्पा त्या सायीकडं बघत म्हणायचे, “अजून एक रिपोर्ट यायचा ऱ्हायलाय.”

त्या वहीत एक भानगड होती. काही गावांपुढे आकडा असे, काहींपुढे शून्य, आणि काहींपुढे ‘मु’. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते माझ्याकडं असे बघायला लागले, जसं काही मी बाराखडी विचारली.

“मु म्हंजी मुकं. गाव बोललं न्हाई.”

“म्हणजे शून्यच ना, आप्पा?”

“शून्य कसं? ताप न्हाई हे कुणीतरी घरोघर हिंडून सांगितलं तर शून्य. कुणी सांगितलंच न्हाई तर मुकं. लेकरू गप झोपलंय आन् लेकरू हिरीत पडलंय, दोन्ही टायमाला घरात आवाज नसतो. मंग दोन्ही सारखंच का?”

त्यांचा नियमही होता. लागोपाठ दोन सोमवार गाव मुकं राहिलं, की गाडी काढायची. ताप असो नसो.

हा नियम कुठल्याच परिपत्रकात नव्हता. परिपत्रकात जे होतं ते समजावून सांगायला पुण्याहून एक सल्लागार आले. मोठ्या साहेबांच्या दालनात पडदा लावला, मागे ‘डासमुक्त जिल्हा, आमचा निर्धार’ असा फ्लेक्स, ज्यावर डासापेक्षा साहेबांचा फोटो मोठा. पडद्यावर पहिली ओळ आली: ‘सतर्कता उंबरठा निश्चिती’. म्हणजे रुग्णांचा आकडा कुठल्या रेषेच्या वर गेला की साथीचा इशारा द्यायचा, ती रेषा ठरवायची. सूत्र सोपं होतं. मागच्या पाच वर्षांत त्याच आठवड्यात त्या भागात किती रुग्ण निघाले त्याची सरासरी काढायची, नेहमीचा चढउतार दुप्पट करून तीत मिळवायचा, आणि आकडा त्याच्या पलीकडं गेला की नकाशावर ते गाव लाल. नाहीतर हिरवं. सूत्रात वाईट काही नव्हतं. मी संख्याशास्त्र घेऊन पदवी केलेली, मला तर ते देखणंच वाटलं.

आप्पांनी हात वर केला. “उंबरा शब्द ब्येस हाय. पण तुमी त्यो छताला बशिवलाय.”

सल्लागारांनी हसून विचारलं, “म्हणजे?”

“तीन साल मागं ह्या भागात डेंगीनं घरंच्या घरं झोपली. ते सालबी तुमी सरासरीत घातलंय. ज्या साली पूर गावात शिरला त्या सालच्या पाण्याच्या मापानं उंबरा बांधला, तर पूर परत गावात शिरल्याबिगर कळणारच न्हाई की. साथीचं साल भाईर काढा.”

“काका, सूत्र वरून आलंय,” साहेब म्हणाले.

आप्पांनी वर बघितलं. वर पंखा होता.

“आणखी काही शंका?” साहेबांनी मिटिंग गुंडाळायच्या आवाजात विचारलं.

“एक हाय,” आप्पा म्हणाले. साहेबांच्या टेबलावर काचेच्या बाटलीत मनीप्लांट होता. आप्पा अर्धा तास पडद्याऐवजी त्याच्याकडंच बघत होते. “ह्या बाटलीत चार हायत.”

पुढच्या मिटिंगला टेबलावर प्लॅस्टिकचं झाड होतं, आणि आप्पांची खुर्ची शेवटच्या रांगेत. साथीचं साल मात्र सरासरीतच राहिलं.

डेंगी पावसाळ्यात येतो, असं छापील पत्रकात असतं. आमच्याकडं तो पत्रक वाचून येत नाही. नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी, खेड्यात टँकर, म्हणून उन्हाळ्यात घरोघरी निळे ड्रम, रांजण, टाक्या भरलेल्या. डेंगीच्या डासाला असंच साचलेलं स्वच्छ पाणी लागतं. वरून आदेश येई की आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करून ‘कोरडा दिवस’ पाळा. मी एकदा आप्पांबरोबर एका वस्तीवर हा आदेश वाचून दाखवायला गेलतो. एक बाई कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

“पाणी वतून देऊ? टँकर काय तुजा बाप आणतो व्हय रे?”

“आईसाब, ह्यो शहाणा हाय, त्याला माफ करा,” आप्पा मधे पडले. “वतू नका. जुन्या लुगड्याचं फडकं ड्रमला आवळून बांधा. एवढंच करा.”

परत येताना मला म्हणाले, “आमच्याकडं बाराई महिने कोरडाच दिवस हाय बे. ते पुण्याला पाळायला सांग.”

सरासरीवर त्यांचा राग जुना होता. “डास सरासरीला चावत न्हाई,” हे तर ते येताजाता म्हणत. पण आप्पा नेहमी बरोबर असत असं सांगितलं तर ते खोटं होईल, आणि त्यांच्याविषयी खोटं एकदा सांगून झालंय. नवीन नकाशा सुरू झाल्यावरच्या वर्षात त्यांनी रेषेच्या आतल्या दोन गावांसाठी साथीची बोंब मारली. पथकं गेली, धूर फवारला, रक्तं तपासली. एका गावात साधं पडसं निघालं. दुसऱ्यात जत्रेतल्या जेवणाने बिघडलेली पोटं. ऑफिसात त्यांना ‘लांडगा आप्पा’ म्हणायला लागले. लांडगा आला रे आला, त्यावरून. आप्पांच्या कानावर ते गेलंच.

“त्या गोष्टीत चूक पोराची न्हाई,” ते मला म्हणाले. “तिसऱ्या टायमाला घरात बसून ऱ्हायलेल्या गावाची हाय. लांडगा तर खराच हुता.”

साहेबांनी मात्र लेखी आदेश काढला. संगणकावर रेषा ओलांडल्याशिवाय गाडी हलणार नाही. हलवली तर व्यक्तिशः जबाबदार धरलं जाईल. आदेशाच्या प्रतीवर आप्पांनी सही केली आणि खाली तारीख टाकताना पेन एवढं दाबलं की कागद फाटला.

तो मे महिना होता. युसूफ वडगावच्या पुढे एक लहान गाव आहे. नाव सांगत नाही, त्या गावाचा यात काही दोष नव्हता. तिथल्या आशाताई म्हणजे सोमवारचं घड्याळ. बरोबर अकराला त्यांचा फोन. त्या सोमवारी आला नाही. आप्पांनी वहीत ‘मु’ लिहिलं.

माझ्यासमोरच्या यंत्रात मात्र ‘मु’ लिहायची सोय नव्हती. पाच वाजता सगळ्या गावांचे आकडे पुढे पाठवायचे, आणि एक जरी चौकट रिकामी असली तर पडदा लाल होऊन अडून बसायचा. मग वरून फोन, ‘तुमच्या जिल्ह्याचं काम शंभर टक्के का नाही?’ माझा करार जूनअखेर संपत होता. मी त्या चौकटीत शून्य टाकलं. पहिल्यांदाच टाकलं असं नाही. सगळेच टाकत. गाव हिरवं झालं.

पुढच्या सोमवारीही फोन नाही. लावला तर बंद. वहीत दुसरा ‘मु’. माझ्याकडं दुसरं शून्य. त्या दिवशी आप्पांचा चहा संध्याकाळपर्यंत तसाच पडून होता.

मंगळवारी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले.

“ते वडगावाच्या फुडचं गाव काय म्हणतंय तुज्यात?”

“शून्य.”

“दोन्ही आठवडे?”

“हो.”

“तुज्याकडं रिपोर्ट आलता?”

आता इथं ‘नाही’ म्हणायला दोन अक्षरं लागत होती. मी म्हणालो, “आलता.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. रांजणात बॅटरी मारून जेवढं बघतात तेवढंच. “चल,” म्हणाले. “तुजं शून्य बघून येऊ.”

जीपचे ड्रायव्हर चाचा नमाजी, शांत माणूस. त्यांना आदेश माहीत होता. चावी हातात घेऊन ते म्हणाले, “आप्पा, सिफर, झीरो देखनेकू जाते क्या? साब मेरेकू बी पूछेंगे.”

“माज्या नावानं लिव्हा चाचा. किल्ली मारा.”

जीप निघाली. मी मनात प्रार्थना करत होतो की गावात ताप नसावा. ती गावासाठी नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं.

आशाताईंच्या दारात त्यांची सासू बसली होती. आप्पा या एका घरात झाकण न उचलता सरळ आत गेले. मी आधी म्हणालो ना, असं मी कधी पाहिलं नाही, तर हे एकदा पाहिलं.

“फोन कावून केला न्हाई पोरीनं?” त्यांनी विचारलं.

“तिला उठाय यीना, मंग फोन कोण करील?” म्हातारी म्हणाली. “नऊ रोज झालं पडलीय. गोळ्या घेती, पुन्यांदा फणफणती. आज सकाळपून हिरड्यातून रगत यायलंय.”

आत बाजेवर ताई होत्या. तोंड सुजलेलं, डोळे लाल. आप्पांना बघून उठायची धडपड करत म्हणाल्या, “आप्पा, मोजायचं ऱ्हायलं वो.”

उशाशी त्यांची वही होती. आप्पांनी ती उघडली आणि माझ्या हातात दिली. तापाच्या रुग्णांची नावं, आधी रेखीव अक्षरात, मग हळूहळू अक्षर ओळीवरून घसरत गेलेलं. अकरा नावं होती. बारावं त्यांचं स्वतःचं. त्यापुढं कोरं.

ताईंना न्यायची तयारी होईपर्यंत आम्ही वीस-बावीस घरं फिरलो. एक घर सोडून एका घरात कुणीतरी अंगावर गोधडी घेऊन भर मे महिन्यात कुडकुडत होतं. सगळे वाट बघत होते की ताई येतील, लिहून घेतील, मग सरकार येईल. ताप मोजणारीच तापाने पडल्यावर काय होतं, याचा विचार सूत्रात नव्हता. नकाशावर ते गाव त्या क्षणी जिल्ह्यातल्या सर्वांत हिरव्या गावांपैकी एक होतं.

ताईंना आणि आणखी दोघांना त्याच जीपमधून अंबाजोगाईला नेलं. रक्तातल्या पेशी फार खाली गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, “उद्या आणलं असतं तर मी काही सांगू शकलो नसतो.” ताई वाचल्या. ते दोघेही वाचले. गावात पथक बसलं, साथ आटोक्यात आली. पेपरात साहेबांचा फोटो आला, हातात फवारणीचा पंप.

मग चौकशी लागली. चौकशीचा मुद्दा साथ हा नव्हता. शून्य रुग्णांच्या गावात साथ निघालीच कशी, हा होता. साहेबांच्या दालनात आम्ही सगळे. प्लॅस्टिकचं झाड. साहेबांनी संगणकातून काढलेला कागद वर धरला.

“दोन आठवडे या गावाने शून्य कळवलंय. म्हणजे त्या आशाताईंनी खोटा रिपोर्ट दिला. कारवाईचा प्रस्ताव तयार करा.”

ताई तेव्हा दवाखान्यात होत्या, हाताला सलाईन. मी आप्पांच्या शेजारी उभा होतो. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी ते मनात इतक्या वेळा बोललो की अजूनही शब्द न शब्द आठवतं. तोंडातून काही आलं नाही.

आप्पा उभे राहिले. “सायेब, पोरीनं शून्य कळवलं न्हाई. म्या माज्या वहीत ‘मु’ लिव्हलं हुतं. ह्या कॉम्प्युटराला आकडे सांगताना म्याच शून्य वाचलं. चष्म्याचा नंबर वाढलाय.”

“तुम्ही वाचलं?”

“म्या वाचलं.”

“आणि शून्य वाचून तिथंच गाडी घेऊन गेलात?”

“चष्मा पुसल्यावर दिसलं, सायेब.”

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. आप्पांच्या सेवापुस्तकात लाल शेरा गेला: अभिलेख वाचण्यात अक्षम्य हलगर्जी, आदेशाचा भंग. माझा करार जूनअखेरीच्या पुढं वाढला.

ते मला त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत, हे मला जास्त जड गेलं. पुढच्या वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभात साहेबांनी त्यांच्या ‘तीक्ष्ण नजरेचा’ गौरव केला. भाषण जुनंच असावं. शाल, नारळ झाल्यावर आप्पांनी हाराखालचा फुलांचा पितळी वाडगा उचलून आत बघितला आणि मगच खाली ठेवला.

आता त्या रेषा ठरवायचं काम माझ्याकडं आहे. साथीचं साल मी सरासरीतून बाहेर काढतो. रिकाम्या चौकटीला वेगळी खूण टाकायची सोय मी भांडून करून घेतली. नकाशावर ती गावं राखाडी दिसतात, आणि दोन आठवडे राखाडी राहिली की गाडी निघते. वरून आलेल्या एका पथकाने या कल्पनेचं कौतुक केलं आणि ती कुणाची असं विचारलं. मी म्हणालो, “एका चष्म्याचा नंबर वाढलेल्या माणसाची.” त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात कपाट साफ करताना त्यांच्या वह्या सापडल्या. मी तो मे महिना काढला. गावापुढं दोन ‘मु’. त्याखाली चौकशीच्या दिवसाची तारीख, आणि गावांच्या यादीच्या शेवटी, जिथं कुठल्याच गावाचं नाव नव्हतं, तिथं त्यांच्या दाबून लिहायच्या अक्षरात एक ओळ होती: ‘ऑफिस — मु’.

मी वही मिटली आणि साहेबांची परवानगी न घेता एसटी स्टँडवर गेलो.

त्यांचं गाव तासाभराच्या अंतरावर आहे. दुपार होती. आप्पा ओसरीत बसले होते, थकलेले, चष्मा खरोखरच जाड झालेला. शेजारी माशांची बरणी. मी दारापर्यंत गेलो आणि पाय तिथंच अडकले.

“कोण, कॉम्प्युटर?” ते म्हणाले. “एक तर आत ये, न्हाईतर भाईर जा.”

मी आत गेलो. बसलो नाही. “आप्पा, ते शून्य मी टाकलं होतं. रिपोर्ट आलता म्हणालो, तेही खोटं होतं.”

त्यांनी बरणीतल्या माशांकडं बघत मान हलवली.

“आज वार कोणता?” त्यांनी विचारलं.

“सोमवार.”

“सूनबाई,” त्यांनी आत हाक मारली, “च्या टाक आता. एक रिपोर्ट यायचा ऱ्हायला हुता.”